गेट रोवण्याआधी

लहान मुलांना स्कीइंगच्या शर्यतीत कधी उतरवायचे, हे पालक वयावरून ठरवतात आणि प्रशिक्षक घड्याळावरून. दोन्ही मापे अपुरी पडतात. शर्यतीच्या मार्गावरचे गेट वळण कुठे घ्यायचे तेवढे सांगते. ते कसे घ्यायचे, हे आधीच अंगात मुरलेले असावे लागते. तसे नसेल तर गेट गाठण्यासाठी मूल जमेल ती युक्ती करते. खांदे फिरवते, कंबर आत टाकते, मागे रेलते. सौम्य उतारावर एवढ्यावरही वेळ चांगली लागते, शाबासकी मिळते आणि खोड पक्की होते.

पाच-सहा वर्षांच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, मांड्यांत जोर कमी असतो. त्यामुळे ते बुटाच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहते. ‘पुढे वाक’ असे ओरडण्याआधी बूट तपासावा. फार कडक बुटात घोटा वाकत नाही. मग गुडघे वाकतात आणि बूड मागे जाते. मोठ्या भावंडाचा ढगळ बूट ही तर घरोघरची काटकसर! त्यात पाय हलतो, पण ती हालचाल स्कीपर्यंत पोचत नाही. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली राहू लागली, की पुढचे शिकवता येते. हातातल्या काठ्यांची या वयात घाई नको.

पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवून वेग आवरण्याच्या स्थितीला मुलांच्या वर्गात जगभर ‘पिझ्झा’ म्हणतात. तिच्यातच सर्वांत महत्त्वाचा धडा दडलेला आहे: डावीकडे वळताना भार उजव्या, म्हणजे बाहेरच्या स्कीवर हवा. भीतीपोटी मूल नेमके उलट करते. ते डोंगराकडे झुकते, बाहेरच्या स्कीवरचा भार सुटतो, कडेची पकड जाते आणि स्की घसरते. वळण पुरे होईपर्यंत आतली स्की उचलून धरणे, हा यावरचा जुना आणि अजूनही बिनतोड व्यायाम आहे. त्याच्या जोडीला आडवे घसरत उतरणे, हवे तिथे आडवे होऊन थांबणे, छोट्या उंचवट्यांवरून उड्या, एका स्कीवर उतरणे हेही हवे.

आजच्या कमरेत अरुंद स्की कडेवर कलंडल्या की आपोआप वळतात. साफ केलेल्या उतारावर त्यामुळे कच्चे मूलही झोकदार दिसते. बर्फावरचा माग पाहिला की खरे कळते. दोन बारीक, स्वच्छ रेघा उमटल्या तर स्की कडेवर चालली. पंख्यासारखा पुसट पट्टा दिसला तर ती घसरली. दोन्ही प्रकार यायला हवेत, पण ठरवून. टणक बर्फ, भुसभुशीत बर्फ आणि उंचवट्यांचा उतार, या तिन्हींवर मुलाला वळणाचा आकार मनाप्रमाणे बदलता येत नसेल, तर गेटची वेळ आलेली नाही.

मिकाएला शिफ्रिनच्या बालपणात शर्यती कमी आणि सराव फार, हे स्कीच्या जगात सर्वश्रुत आहे. 2014 मध्ये सोची येथे 18 व्या वर्षी तिने स्लालमचे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. 2025 मध्ये विश्वचषक शर्यतींतला तिचा शंभरावा विजय झाला. अर्थात एका असामान्य खेळाडूवरून नियम काढू नये. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने मात्र धोरणच आखले आहे: मूल अकरा वर्षांचे होते त्या वर्षापर्यंत निकालांच्या याद्या आणि क्रमवाऱ्या नाहीत, राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा तेराव्या वर्षापासून. याच देशाने 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये 16 सुवर्णपदके मिळवली. पदके या नियमांमुळेच आली, असे म्हणता येणार नाही. नियमांनी खेळ मागे पडतो, ही धास्ती मात्र निराधार ठरते.

पहिली गेट उंच खांबांची नसावीत. सौम्य उतारावर, ऐसपैस अंतरावर बुटक्या ब्रशसारख्या खुणा लावाव्यात आणि घड्याळ खिशात ठेवावे. खांबाला हाताने भिडण्याचे तंत्र बरेच नंतरचे. खांदे फिरू लागले, की खुणा काढून मोकळ्या उतारावर परतावे. बाराव्या-चौदाव्या वर्षी पाय झपाट्याने लांब होतात, तेव्हा आलेले कौशल्यही काही काळ बिघडू शकते. अशा हंगामात शर्यती कमी करून आतली स्की उचलण्याचा व्यायाम पुन्हा सुरू करावा.