विरजणाची परीक्षा
(मंडळाच्या वर्धापनदिनी दहिवली येथे केलेले भाषण)



सासूबाईंचा हात थरथरला, कपातला चहा सांडला, की आपण म्हणतो, "वय झाले!" पण कधी तो कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा रोग असतो. त्यात मेंदूतील अल्फा-सिन्यूक्लीन नावाच्या प्रथिनाची घडी बिघडते व ते साचू लागते. मुंबईत पवईच्या आय.आय.टी.त समीर माजी यांच्या प्रयोगशाळेने २०२० साली दाखविले, की हे प्रथिन आधी द्रवाच्या थेंबांत गोळा होते; पुढे ते थेंब घट्ट होऊन त्यांतून तंतू बनतात.

हे ओळखावे कसे? आपण दुधाला विरजण लावतो, तसेच. निरोगी प्रथिनाच्या द्रावणात रुग्णाच्या पाठीच्या कण्यातील पाणी थोडेसे घालतात. त्यात बिघडलेला कण असला, तर बाकीचे प्रथिनही त्याच्या वळणावर जाते, आणि थायोफ्लेविन-टी हा रंग तंतूंना चिकटून चमकतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ११२३ जणांच्या अभ्यासात पार्किन्सनच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८८ जणांत हे विरजण सापडले.

या परीक्षेने रोग बरा होत नाही. पण हात थरथरतो तो हट्टाने वा निष्काळजीपणाने नव्हे, एवढे तिने दाखविले. म्हणून भगिनींनो, चहा सांडला तर रागावू नका; कप अर्धाच भरा, आणि वेळीच डॉक्टरांना दाखवा.