दंडाचा डबा

(सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी बोलण्याचा अधिकार ज्यांनी ती वाट तुडवली त्यांचा आहे. आम्हास चेन्नईला बदलून येऊन अवघी सहा वर्षे होत आहेत. त्यामुळे कार्यवाहांनी ‘पंधरा मिनिटे बोला’ अशी आज्ञा केली तेव्हा आम्ही आमच्या आवाक्यातला एकच विषय मागून घेतला. तो म्हणजे आपला रविवारचा मराठी वर्ग आणि त्या वर्गात शिस्तीच्या नावाखाली आमच्या हातून झालेल्या चुका.

आमचे शिक्षण बी. ए. पर्यंत. त्यानंतर तीस वर्षे केंद्र सरकारची नोकरी, आणि तीही हिशेबाच्या खात्यात. मुलांना शिकवण्याचा अनुभव शून्य. वर्ग पूर्वी ज्या बाई घेत असत त्या मुलीकडे पुण्यास कायमच्या गेल्या, आणि कार्यकारिणीच्या सभेत ‘आता वर्ग कोण घेणार?’ हा प्रश्न निघताच सर्वांच्या नजरा आपापल्या चहाच्या कपात बुडाल्या. आमचा चहा तेवढा संपलेला होता. आम्ही हो म्हणालो.

पहिल्या रविवारी एकवीस मुले होती. सर्वांत धाकटे सहा वर्षांचे, सर्वांत थोरली चौदा वर्षांची. आम्ही आत शिरलो तेव्हा एक जण टेबलाखाली होता, दोघे पंख्याचे बटण फिरवीत होते आणि मंडळाच्या पेटीचा भाता कोणीतरी जिवाच्या आकांताने ओढीत होते. आमच्या कार्यालयात आम्ही आत गेलो की कागदांचीही हालचाल थांबते, अशी आमची समजूत होती. येथे आमच्या येण्याची कोणी दखलही घेतली नाही. तो अपमान मनात ठेवून आम्ही घरी आलो आणि त्याच रात्री वर्गाचे नियम लिहून काढले.

उंचीप्रमाणे रांगा. हजेरीपट. पाच मिनिटे उशीर झाला तर तांबडी खूण. ‘काका’ म्हणायचे नाही, ‘सर’ म्हणायचे. आणि ज्याचा आम्हास फार अभिमान वाटला तो नियम असा: वर्गात मराठीखेरीज अन्य भाषेतला शब्द उच्चारल्यास एक रुपया दंड. त्यासाठी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला फट पाडून तो टेबलावर ठेवला. डबा घरूनच नेला होता. त्याचा वास पुढे कित्येक दिवस येत होता.

वर्ग शांत झाला. इतका, की आत वर्ग चालू आहे की सुटला हे बाहेरून कळेना. एकदोन पदाधिकाऱ्यांनी आमची पाठ थोपटली. हजेरीपट मात्र वेगळे सांगत होता. तीन महिन्यांत एकवीसांचे तेरा झाले. खात्यात शिल्लक कमी निघाली की आम्ही त्याच दिवशी चौकशी लावतो. येथे आठ मुले कमी झाली तरी उरलेली सरळ रांगेत बसतात याचेच आम्हास समाधान होते.

आता जे सांगणार आहोत ते त्या मुलाच्या परवानगीने. ‘नाव घ्यायचे नाही’ ही त्याची अट आहे, ती पाळतो.

त्याचे वडील वाईचे, आई कुंभकोणमची. वय तेव्हा नऊ. घरात दोन्ही भाषा, शाळेत तमिळ आणि इंग्रजी. एका रविवारी आम्ही शुद्धलेखन घातले. ‘गाढव ओझे वाहते’ असे वाक्य होते. त्याने लिहिले, ‘काढव ओचे वाहते’. आम्ही ती वही उंच धरली आणि म्हणालो, ‘हे काढव कोठून काढलेस?’ वर्ग हसला. आमचा विनोद साधला म्हणून आम्हीही हसलो. तो मुलगा गोंधळला आणि त्याच्या तोंडून ‘तेरियादु’ असा शब्द निघाला. तमिळमध्ये त्याचा अर्थ ‘ठाऊक नाही’. आम्ही डब्याकडे बोट दाखवले. त्याच्याजवळ रुपया नव्हता. आम्ही हजेरीपटात त्याच्या नावापुढे लिहिले: बाकी रु. 1.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वडिलांना फोन केला तर ‘परीक्षा आहेत’ असे सौजन्याचे उत्तर मिळाले.

गणेशोत्सवात आरतीनंतर ते गृहस्थ आम्हास बाजूला घेऊन गेले. म्हणाले, ‘साहेब, तुम्हाला दोष देत नाही. पण पोरगं आजीशी फोनवर बोलत नाही आता. दर रविवारी संध्याकाळी वाईला फोन असतो. हा रिसीव्हर माझ्या हातात देतो आणि म्हणतो, आजीला सांगा, मला मराठी येत नाही.’

श्रोतेहो, वर्ग काढला होता तो मुलांना मराठी यावे म्हणून. ज्याला येत होते त्याचेही आम्ही काढून घेतले होते.

घरी येऊन हे आमच्या सौभाग्यवतींना सांगितले. त्यांनी पोळ्या लाटता लाटताच विचारले, ‘तुमच्या ऑफिसात माणसं पगारासाठी बसतात. या मुलांना पगार कोण देतो?’ आणि पुढे म्हणाल्या, ‘ते काढव का लिहिलं त्यानं, विचारलंत?’

विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या एका तमिळ सहकाऱ्यास विचारले. त्याने कागदावर तमिळ अक्षर काढून दाखवले. आपल्या क, ख, ग, घ या चौघांच्या जागी तमिळ लिपीत एकच अक्षर आहे. त्याचा उच्चार क करायचा की ग, हे शब्दातल्या जागेवरून ठरते. च आणि ज यांचाही बहुतेक तोच न्याय. जे मूल दिवसाचे सहा तास ही लिपी लिहिते त्याच्या हातून ‘काढव ओचे’ उतरले, यात हलगर्जीपणा कोणता? उलट ‘ळ’ हे अक्षर, जे उत्तरेकडे वाढलेल्या आपल्या मुलांच्या जिभेवर चढता चढत नाही, ते येथल्या मुलांना किती सहज येते, हे आमच्या ध्यानातही आले नव्हते. शिक्षा करण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः काय शिकायला हवे होते, ते त्या एका कागदावर होते.

मग सरकारी माणसाच्या सवयीप्रमाणे आम्ही कायदा काढून पाहिला. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा 2009चा अधिनियम 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या 17व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षेस बंदी आहे, आणि तिच्या जोडीनेच मानसिक छळासही. आमचा वर्ग म्हणजे काही शाळा नव्हे, तेव्हा कलम लागू नाही, असा बचाव मनात आला. तो बचाव आहे हेही लगेच कळले.

या चेन्नईत आपण राहतो त्याचा आणि या विषयाचा एक जुना संबंध आहे. अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश पाद्री 1789 पासून एग्मोर येथील लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाची शाळा पाहत. या देशातल्या मुलांना वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिले. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे, तिचीच ही बहीण. शाळेतले शिक्षक ही रीत उचलीनात, तेव्हा बेल यांनी एका लहान विद्यार्थ्यालाच अक्षरओळखीचा वर्ग दिला आणि तो उत्तम चालला. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे ही पद्धत त्यांनी 1797 साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने मांडली, आणि ती ‘मद्रास पद्धत’ या नावाने विलायतेत पसरली. तेथे तशाच पद्धतीचे दुसरे पुरस्कर्ते होते जोसेफ लँकेस्टर. छडीस त्यांचा विरोध. परंतु अपराधी मुलाला टोपलीत बसवून ती छताला टांगायची आणि बाकीच्यांनी खालून पाहायचे, अशा शिक्षा त्यांच्या शाळेत होत्या. हे वाचताना आम्हास आमची उंच धरलेली वही आठवली. आम्ही कधी कोणाला हात लावला नाही, याचे आम्हास जे भूषण होते, ते तेथेच संपले.

त्या शनिवारी आम्ही हजेरीपट काखेत मारून मुलाच्या घरी गेलो. तो आतल्या खोलीतून येईना. शेवटी आला. आम्ही ‘बाकी रु. 1’ ही ओळ त्याच्यासमोर खोडली आणि चूक आमची होती असे सांगितले. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने विचारले, ‘तुम्हाला तमिळ येतं?’ नाही म्हणालो. त्याने पाटी आणली आणि आम्हास शब्द घातले. ‘तमिळ’ या शब्दातले शेवटचे अक्षर आम्ही तीनदा चुकवले. उच्चार तर त्याहून वाईट. आत त्याची आई हसू दाबीत होती. मुलगा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, ‘एक रुपया.’ आम्ही दिला.

डबा उठला. त्यानंतर सारे सुरळीत झाले असे आम्ही सांगितले तर पुढे बसलेली मंडळीच आम्हास खोटे पाडतील. पहिले दोन रविवार धुमाकूळ झाला. गुजरातेत भावनगरला 1920 साली बालमंदिर काढणारे गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ आम्ही हिंदी अनुवादात वाचले होते. आपल्या ताराबाई मोडक यांनी या गिजुभाईंबरोबर काम केले. त्या पुस्तकातला नवा शिक्षक पहिल्या दिवशी मुलांकडून शांततेचा खेळ करवू पाहतो आणि तो साफ फसतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो. आम्ही पुस्तक वाचूनही शांततेचा खेळच आधी करून पाहिला. तोही फसला. मग गोष्टीवर आलो.

आता वर्गाची सुरुवात दहा मिनिटांच्या गोष्टीने होते, आणि ती ऐन रंगात सोडायची हे आम्ही शिकलो आहोत. उशिरा येणारे कमी झाले. रांगा गेल्या. एक मोठे मूल आणि दोन लहान असे गट केले. येथे बेलसाहेबांचे ऋण मान्य करतो. तमिळ किंवा इंग्रजी शब्द आला तर तो फळ्यावर जातो आणि त्याचा मराठी जोडीदार बाकीच्यांनी शोधायचा. अक्का आणि अण्णा या शब्दांना जोडीदार शोधावा लागला नाही, ते दोन्ही घरांतले निघाले, त्या दिवशीचा आनंद पाहण्यासारखा होता. पुरणपोळीस येथे बोळी म्हणतात यावर मात्र अर्धा तास भांडण चालले.

नियम आजही आहेत. एक बोलत असता दुसऱ्याने बोलायचे नाही. चपला फेकायच्या नाहीत. हे दोन मुलांनीच सुचवले, दुसरा अनुभवावरून. आवाज आम्हासही चढवावा लागतो. पण ज्या शनिवारी रात्री आम्ही तयारी करीत नाही त्याच रविवारी गोंगाट होतो, हे आम्ही नोंदी ठेवून पडताळले आहे. खिडकीजवळच्या जागेसाठी दोघांची नित्य मारामारी होई. त्याचे कारण चौथ्या आठवड्यात कळले: पंख्याचा वारा तेवढ्याच जागी लागतो. आम्ही जागा रोज बदलायच्या ठरवल्या आणि एक पंखा मागितला. पंखा अद्याप आलेला नाही, हे कार्यवाहांच्या नजरेस आणतो.

गेलेल्या आठांपैकी पाच परत आली. थोरली मुलगी आली नाही. आम्ही तिला पत्र लिहिले, मराठीत. उत्तर आले नाही. ती आता महाविद्यालयात आहे, भेटली की नमस्कार करते आणि आमच्याशी इंग्रजीत बोलते.

काढव लिहिणारा मुलगा परत आला तो ‘बघू’ म्हणून. त्याच्याकडे दोन लहान मुले दिली. त्यांनी क आणि ग यांत घोटाळा केला की तो रागावत नाही. दिवाळीत त्याच्या वडिलांनी सांगितले, वाईच्या आजीशी तो आता बोलतो. तिला काही विचारले की आजीबाई फोनवर म्हणतात, ‘तेरियादु’.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. दंडाच्या डब्यात त्रेचाळीस रुपये निघाले आहेत. ते कोणत्या सदरात जमा करावेत हे आमच्या तीस वर्षांच्या अनुभवालाही उलगडलेले नाही, तरी कोषाध्यक्षांनी ते ताब्यात घ्यावेत. डबा देणार नाही, त्यात खडू ठेवले आहेत. आणि दुसरी गोष्ट: जूनपर्यंत आमच्या बदलीचा हुकूम येण्याचा संभव आहे. रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा या वेळात आणखी दोन माणसे हवी आहेत. आज चहा सर्वांच्या हातात आहे हे आम्हास दिसते आहे. तो संपेपर्यंत आम्ही दाराशी उभे राहतो.