पाच म्हणजे किती?

मागच्या बैठकीत एक ताई कौतुकानं म्हणाल्या, "माझी पोरगी वीसपर्यंत म्हणते." चार वर्षांची पोर. तिनं घडाघडा म्हणूनही दाखवलं. मी म्हटलं, "मला पाच चिंचोके दे." तिनं मूठभर दिले.

यात तिची चूक नाही. आकडे म्हणणं वेगळं, मोजणं वेगळं. एका चिंचोक्याला एकदाच हात लावायचा, एकच आकडा म्हणायचा. शेवटचा आकडा आला, तेवढे सगळे मिळून. हे हातानं केल्याशिवाय कळत नाही. न कळता पोर पहिलीत गेलं की बेरजेला अडतं आणि गणिताची भीती बसते.

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला गावातल्या लेकरांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ सोबत होत्या. 1957 मध्ये ते काम कोसबाडला, आदिवासी पाड्यांत गेलं. महागडी खेळणी नव्हती; खडे, पानं, बिया हीच साधनं. आपल्या मुलचेऱ्याच्या रानात यातलं काय कमी आहे?

"मी शिकलेली नाही" असं म्हणू नका. तेंदूच्या हंगामात 70 पानांचा पुडा तुम्हीच बांधता ना? लेकराला शेजारी बसवा. दहा-दहा पानं वेगळी ठेवायला सांगा. असे सात गठ्ठे, एक पुडा. जेवताना म्हणा, "माणसं किती? तेवढी ताटं मांड." चुकलं तर रागावू नका, सोबत पुन्हा मोजा. बिया नाकातोंडात जातात, म्हणून जवळच बसा.

रोज दहा मिनिटं पुरेत. पुढच्या बैठकीला लेकरांना आणा, चिंचोके मी आणते.