एक मे : पायरीपासून गाभाऱ्यापर्यंत



 पंढरपुरात येणाऱ्याला आम्ही पाहुणा म्हणत नाही, माउली म्हणतो. एवढ्या उन्हात गावोगावहून एसटीने प्रवास करून या इतिहासप्रेमींच्या संमेलनाला आलात, हे आमचं भाग्य.

आज एक मे. १९६० साली याच दिवशी मराठी माणसाला त्याचं राज्य मिळालं. त्यासाठी प्राण देणाऱ्या हुतात्म्यांना प्रथम वंदन.

पण पंढरपूरला या तारखेची आणखी जुनी आठवण आहे. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी इथल्या तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. मागणी एकच : विठ्ठलाचं दार अस्पृश्य मानलेल्यांनाही उघडा. उपोषण सुटलं, ते मंदिर खुलं करण्याचं मान्य झाल्यावरच.

संध्याकाळी विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराशी जरूर जा. नामदेव पायरीसमोर अस्पृश्य मानलेल्या संत चोखोबांची समाधी आहे. तिथून पायरीपर्यंतची पावलं मोजा. अगदी थोडी भरतील. तेवढं अंतर ओलांडून आत जायला चोखोबांच्या माणसांना सहाशे वर्षं लागली.

म्हणून मला एक मे हा नुसता नकाशाचा दिवस वाटत नाही. दूर ठेवलेल्या माणसाला जवळ घेण्याचा हा दिवस आहे. सरकारी कारभारही याच दिवशी जवळ आला : जिल्हा परिषदांचं काम १ मे १९६२ रोजी सुरू झालं. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ साली, हिंगोली आणि गोंदिया १९९९ साली याच तारखेला जिल्हे झाले. कचेरी लोकांच्या जवळ आली. आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या आपण सगळ्यांनी याच दिवशी झेंडावंदनानंतर निकालाचा कागद हातात घेतला आहे.

माझी एकच विनंती आहे. परत गेल्यावर आपल्या गावचा एक मे शोधा. ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग, शाळेचं जनरल रजिस्टर उघडा. गावच्या देवळात, पाणवठ्यावर पहिल्यांदा कोण गेलं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती आहेत तोवर लिहून घ्या.