विद्वत्तेचें माप

स्वारगेटच्या स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या उतारूला कोणीं सांगितलें, कीं मुंबई इलाख्यांतील सहा जिल्ह्यांच्या मोटार-वाहतुकीची पाहणी पुण्याच्या गोखले संस्थेनें १९३५ सालींच प्रसिद्ध केली, तर त्याला नवल वाटेल. तिच्या दोघां कर्त्यांपैकीं एक धनंजयराव गाडगीळ. हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२४ सालीं निघाला. अशा आर्थिक इतिहासकाराचा प्रभाव मोजावा कसा?

पुढील किती लेखांनीं त्याचा उल्लेख केला तें मोजावें, ही आजची रीत. १९६४ सालीं अमेरिकेंत यूजीन गारफील्ड यांनीं विज्ञानविषयांसाठीं अशी सूची काढली. रीत उपयुक्त खरी, पण आंधळी. कारागिरी लयास जाण्याचें एक कारण म्हणून गाडगीळांनीं देशी दरबारांचा अस्त दाखविला. तें मान्य करणारा आणि खोडून काढणारा, दोघेही सूचींत सारखेच. मराठी पुस्तकांतील उल्लेख तर तेथवर बहुधा पोंचतच नाहींत. शिवाय १९४५ सालीं निघालेल्या पुणें शहराच्या पाहणीसारखें काम पायाच्या दगडाप्रमाणें पुरलें जातें. त्यावर इमारत उठते, नांव मात्र दिसत नाहीं.

मग खरें माप कोणतें? मागून येणाऱ्यास त्याच प्रश्नापाशीं थांबावें लागतें कीं नाहीं, हें.

आज कित्येक विद्यापीठांत बढतीच्या वेळीं हे आंकडे पाहतात. अशा वेळीं आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेवर मराठींत लिहिणारा तरुण अध्यापक शून्य ठरूं शकतो. आंकडा अवश्य पाहावा. पण निकाल देण्यापूर्वीं पुस्तक उघडून वाचावें.