रात्री आठ ते सकाळी आठ

आज गेस्ट नाहीये, मी एकटाच बोलणार आहे. एपिसोडही छोटाच आहे.

हिंजवडीत जॉब करणाऱ्या किती जणांना माहितीये की आपण रोज मुळशी तालुक्यात कामाला जातो? हिंजवडी, माण, हे सगळं मुळशीच. आणि त्याच तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला, भूगाव, पिरंगुट, पौडकडे गेलात की पाट्या दिसायला लागतात. वृद्धाश्रम, ज्येष्ठ निवास, हल्ली 'असिस्टेड लिव्हिंग'सुद्धा. म्हणजे आपलं ऑफिस आणि आपल्या घरातली म्हातारी माणसं, दोन्ही एकाच तालुक्यात.

माझ्या बाबांची आत्या तिकडेच एका ठिकाणी राहते. नाव सांगत नाही, तिला अजून तिथेच राहायचंय. आम्ही तिला आत्याआजी म्हणतो. शिक्षिका होती, लग्न केलं नाही, स्वतःच्या पेन्शनमधून पैसे भरते. खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशननंतर ती अंथरुणाला खिळली. घरचे सगळे रविवारी अकराला जायचे. रविवारी अकराला सगळं झकास असतं हो. धुतलेली चादर, विंचरलेले केस, चेहऱ्याला पावडर.

एका बुधवारी मी ऑफिसमधून थेट रात्री नऊला गेलो. वॉचमनशी बरीच हुज्जत घालावी लागली. वर जाऊन बघतो तर डायपर गच्च ओला. पाण्याची बाटली खिडकीत, हात पोचणार नाही अशी. कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये, त्यामुळे मी काय बोलतोय ते तिला कळतच नव्हतं. आणि माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम. दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाले, "वयोमानाने होतंच असं."

वयोमानाने होत नाही. माणूस तासन्‌तास एकाच जागी पडून राहिला की हाडाखालची कातडी दाबली जाते, तिथलं रक्त थांबतं आणि जखम होते. ज्याला स्वतःहून वळता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते.

आता आपण इंजिनिअर लोक, तर गणित करू. त्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेले दहा जण. बारा तासांची रात्र, दर दोन तासांनी एकदा, म्हणजे प्रत्येकाला सहा वेळा. एकूण साठ. उचलून वळवायला दोन माणसं लागतात, आणि डायपर, पाणी धरून दहा मिनिटं तरी जातात. सहाशे मिनिटं. दोन माणसांना दहा तास, न बसता. तिथे होती एक मावशी. बदली आली नव्हती म्हणून दिवसाची ड्युटी पण तिनेच केलेली. मी तिच्यावर काय ओरडणार?

हाल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मारहाण येते. तसं होतंही, पण मी पाहिलं त्यात कोणी वाईट वागत नव्हतं. फक्त माणसं कमी लावली होती, आणि ते कोणी मोजत नव्हतं.

सरकार मोजतं का? मी शोधलं. 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुख्यतः मुलांनी आईवडिलांचा निर्वाह खर्च द्यावा यासाठी आहे, महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये. कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, 150 निराधारांसाठीचं वृद्धाश्रम आहे, पण तिथेही सरकार ते उभारू 'शकेल' एवढंच. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत दुरुस्तीचं विधेयक आलं, त्यात खासगी संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा, दोन्ही होतं. ते मंजूर झालं नाही. 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळलं. नर्सिंग होमचा 1949 चा कायदा आहे, पण आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं हॉस्पिटल. आत्याआजी तिथे राहते, ॲडमिट नाहीये.

म्हणून जागा बघायला जाल तेव्हा बाग आणि मंदिर नंतर बघा. आधी विचारा, रात्री या मजल्यावर किती जण असतात? मावशी आली नाही तर कोण येतं? कूस बदलल्याची वेळ कुठे लिहिता, आणि कालचा कागद दाखवा. आपलं माणूस आधीच तिथे असेल तर चादर वर करून टाचा आणि कंबर बघा. कातडी लाल झाली असेल आणि दाबल्यावरही लाली जात नसेल, तर जखमेची सुरुवात झालीये. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, मग हाताने बघा, तिथे गरम किंवा कडक लागतं.

आम्ही भांडून पलंगाला तक्ता लावून घेतला. दुसरी मावशी आलीये, पण आठवड्यातून चारच रात्री. उरलेल्या तीन रात्रींचे पहाटेचे रकाने कोरेच असतात, निदान ते आता दिसतात तरी. जखम भरत आलीये, हळूहळू.

तक्रारीसाठी एल्डरलाइन आहे, 14567, टोल फ्री, नंबर सेव्ह करून ठेवा. फक्त ती सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते.