तिकिटाचे दाते आणि मूर्तीचा हात

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



टपाल तिकिटांवर बोलणार म्हटल्यावर काही जण हसले. हसू द्या. आपण मावळातली माणसं, कार्ले-भाजे-बेडसे लेण्यांच्या शेजारची. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचं नाव कोरलेलं आहे. कुणीतरी तो लेख वाचला म्हणून आपल्याला तो सुतार कळला. तिकीट हाही एक छोटा लेखच आहे. तो वाचावा कसा, एवढंच मी सांगणार आहे.

पहिली गोष्ट कडेची. १८५४ साली आपल्या देशभर चालणारी तिकिटं कलकत्त्याला छापली, तेव्हा त्यांना दाते नव्हते. पोस्टात कात्रीने कापून देत. छिद्रं पाडून फाडायची सोय पुढे आली. जपानची पहिली ड्रॅगनची तिकिटं १८७१ ची, तीही बिनदात्यांची. तिथल्या कारागिराने एका तांब्याच्या पत्र्यावर चाळीस तिकिटं हाताने एकेक करून कोरली, म्हणून एकासारखं दुसरं नाही! दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सामानाची टंचाई झाली, तेव्हा जपानने पुन्हा बिनदात्यांची, बिनडिंकाची तिकिटं काढली. म्हणजे नुसती कड पाहिली तरी देशाची परिस्थिती कळते.

दाते मोजायचे कसे? गिरणीत आपण भिंग लावून एका इंचात किती धागे ते मोजतो. तसंच इथे दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं, ते मोजायचं. चौदा भरली तर तिकीट चौदाचं. आडवी आणि उभी बाजू वेगवेगळी मोजायची.

दुसरी गोष्ट छपाईची. १५ ऑगस्ट १९४९ रोजी स्वतंत्र भारताची पुरातत्त्वाची मालिका निघाली. छपाई आपल्या नाशिकच्या सरकारी छापखान्यातली. त्यात एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती आहे. पण चित्र उलटं छापलं गेलं आणि मूर्तीचा डावा हात पुढे आला! १९५० साली ते सुधारून उजव्या हाताचं तिकीट काढलं. रंग तोच, किंमत तीच, फरक फक्त हाताचा. हजारो लोकांनी ते पाकिटाला चिकटवलं, पण मूर्तीकडे किती जणांनी नीट पाहिलं असेल?

तिसरी गोष्ट कागदाची. तिकीट उजेडासमोर धरा, कागदातला वॉटरमार्क दिसतो. भारताच्या नकाशाची नव्या पैशांची तिकिटं १९५७ ला निघाली, त्यांच्या कागदात तारे आहेत. १९५८ पासूनच्या कागदात अशोकस्तंभाचे सिंह आले. वरून तिकीट तेच, आत मात्र सम्राट अशोक!

आता कामाचं बोलतो. बाबासाहेबांचं पहिलं तिकीट १४ एप्रिल १९६६ चं, पंधरा पैशांचं. मग १९७३ आणि जन्मशताब्दीला १९९१ चं. आपल्या माणसाला त्याचं मोल वाटतं, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं. तो म्हणेल, "हे बिनदात्याचं आहे, दुर्मिळ आहे, हजारो रुपये पडतील." थांबा! साध्या तिकिटाचे दाते कात्रीने छाटले की तेही बिनदात्याचं दिसतं. खऱ्याला चारी बाजूंनी भरपूर कोरी जागा असते. म्हणून दात्याच्या तिकिटाशेजारी ठेवून रुंदी मोजा. दोन तिकिटं न फाडता जोडलेली असली आणि मध्ये छिद्रं नसली, तरच बोलणी पुढे न्या. श्रद्धा बाबासाहेबांवर ठेवा, विकणाऱ्यावर नको.

शेवटचं मुलांना सांगतो. घरातल्या ट्रंकेत आजोबांची मुंबईहून आलेली पत्रं असतील. बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षाची तिकिटं २४ मे १९५६ ला निघाली, दोन आणे आणि चौदा आणे. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा झाली. त्या दिवसांतलं असं पाकीट एखाद्या घरी निघालं तर तिकीट कापून काढू नका! शिक्क्यावर गाव आणि तारीख आहे, आत आपल्या माणसाचं अक्षर आहे. तिकीट बाजारात मिळेल, ते अक्षर नाही मिळणार. पाकीट जसंच्या तसं ठेवा, कोरड्या जागी, आणि वाचा.

जयभीम! नमो बुद्धाय!